विहीर अध्यक्षस्थानी

आमच्या सोसायटीची विहीर चेअरमन झाली त्याला आता वर्ष उलटून गेलं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, म्हणजे विहिरीच्या कमिटीवर कोणी चेअरमन आहे का? तसं नाही. विहीरच चेअरमन आहे. ऑफिसातल्या फळ्यावर तिचं नाव आहे, वार्षिक सभेच्या नोटिशीत आहे, आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाआधी तिच्या कठड्याला हार घालतात. हे कसं झालं ते नीट सांगावं म्हणते, कारण सोसायटीत जो तो आपापल्या परीने सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात एक तोच काय तो शहाणा असतो.

खारदर्शन सोसायटी भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरून आतल्या गल्लीत. गिरगावची खोली सोडून आम्ही इथे आलो तेव्हा गच्चीवरून मिठागरं दिसायची, उन्हात मिठाचे ढीग असे चमकायचे की डोळे मिटावे लागत. त्यावरून हे नाव. आता गच्चीवरून दुसऱ्यांच्या गच्च्या दिसतात. तेव्हा आमचे हे म्हणाले होते, दोन खोल्या, स्वतःचा संडास आणि हवा भरपूर. हवा खरंच भरपूर होती, नळातूनसुद्धा तीच यायची.

पाणी होतं ते विहिरीचं. ही विहीर कृष्णाबाईच्या सासऱ्यांची. तिचं आगरी घर अजून इमारतीच्या मागे आहे, आता वर पत्रा आणि खाली टाइल्स. सासऱ्यांनी जमीन बिल्डरला दिली होती, पुढे सोसायटी झाली तेव्हा बोली झाली की विहीर सोसायटीची, पण तिच्यापर्यंतची वाट कृष्णाबाईच्या घरातल्या बायकांसाठी कायम मोकळी. ही बोली मी माझ्या कानांनी ऐकली आहे. मी कळशी घेऊन कठड्याशी उभी होते आणि पुरुषांचं बोलणं संपेपर्यंत कोणी मला पाणी काढू देत नव्हतं.

चारी बाजूंना खारी जमीन, खाडीचा वारा, आणि मधोमध या विहिरीला गोड पाणी. कसं ते कोणाला ठाऊक नाही. कळशी कमरेवर कशी घ्यायची ते मला कृष्णाबाईने शिकवलं. माझी थोरली झाली तेव्हा सव्वा महिन्याने तीच मला विहिरीवर घेऊन गेली. तिच्या घरात रीत अशी की बाळंतिणीने विहिरीची पूजा करायची, हळदकुंकू वाहायचं, खोबरं ठेवायचं आणि वाकून बाळाचं तोंड पाण्याला दाखवायचं. त्याआधी तिने घरातल्या पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे असं काही नव्हतं, पण माझी आई जवळ नव्हती आणि कृष्णाबाई होती, म्हणून मी केलं. खाली काळ्या पाण्यात माझं तोंड, तिचं तोंड आणि मधे मुठीएवढं बाळाचं, असं अजून आठवतं.

पुढे नगरपालिका आली, तिची महानगरपालिका झाली, नळाला पाणी आलं. एक दिवसाआड का होईना, आलं. विहिरीवर पंप बसला आणि तिचं पाणी गच्चीच्या वेगळ्या टाकीतून फ्लशला आणि गाड्या धुवायला जाऊ लागलं. नव्या बिऱ्हाडांपैकी कित्येकांनी विहीर कधी पाहिलेलीही नव्हती.

यतीनभाईंनी मात्र पाहिली होती. ते सोसायटीचे सेक्रेटरी, केबिन रोडवर साड्यांचं दुकान, माणूस वाईट नाही. पण त्यांनी अशी गाडी घेतली की तिचं तोंड गेटच्या आत आलं तरी शेपूट गल्लीत राहायची. येणारी जाणारी रिक्षा तिला काहीतरी आठवण देऊन जायची. तेव्हा त्यांनी योजना काढली, विहिरीवर स्लॅब टाकायचा आणि वर पार्किंग करायचं. पंपापुरतं भोक ठेवायचं. सळ्या आणि सिमेंटच्या गोण्या आधीच येऊन पडल्या, मंजुरी मागाहून घेणार होते.

त्याच आठवड्यात कृष्णाबाई माझ्याकडे आली. तिची नात हेमाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कृष्णाबाई खुर्चीवर बसत नाही, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "उर्मिलाबाय, भोकातून पोराचा तोंड कसा दाखवायचा?"

मी चहा टाकला.

आता इशिताबद्दल सांगते. पाण्याच्या बाबतीत लोकांचा सहभाग वाढवणारी एक संस्था आहे, तिच्यातर्फे ही मुलगी आली. हसरी, पाठीवर सॅक. गच्चीवरचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायला त्यांची संस्था मदत करणार होती, पण आधी आमच्यातल्या संबंधांचा नकाशा काढायला हवा होता. पाण्याशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो ते सगळे स्टेकहोल्डर. प्रत्येकाच्या नावाचं कार्ड भिंतीवर लावायचं आणि कोणाचं कोणाशी कसं आहे ते लोकरीच्या धाग्याने दाखवायचं. चांगलं असेल तर हिरवा, जेवढ्यास तेवढं असेल तर पिवळा, भांडण असेल तर लाल. पाइप फुटतात त्याआधी माणसं फुटलेली असतात, असं तिचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं.

ती लोकरीच्या तीन लहान गुंडाळ्या घेऊन आली होती. दुसऱ्या गावांत तेवढ्या पुरल्या होत्या. आमच्याकडे लाल लोकर पहिल्या मजल्यावरच संपली.

मी माझ्या विणकामाच्या पिशवीतली सगळी काढून दिली, नातवाचा अर्धा स्वेटर उसवला, तरी पुरेना. मग एक गंमत झाली. तिसऱ्या मजल्यावरची संचिता आणि तिच्या खालचे सुभाष यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. संचिताच्या कुंड्यांचं पाणी सुभाषच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं, एवढंच कारण. सुभाष कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे भांडणातही त्यांना नेमकेपणा लागायचा. माझ्या पिशवीतली लाल लोकर गुलाबीकडे झुकते, असं त्यांचं म्हणणं पडलं. संचितालाही अपमान वाटला. एवढं जुनं भांडण आणि त्याला गुलाबी धागा? शेवटी दोघं मिळून केबिन रोडवर लाल लोकर आणायला गेले. चार दुकानं फिरले, दुकानदाराशी हिंदीतून एकत्र घासाघीस केली, येताना उसाचा रस प्यायले आणि आल्यावर आपापल्या कार्डांमध्ये तो लालभडक धागा गाठ मारून बांधला. तेव्हापासून ते बोलतात. धागा काढू का म्हणून इशिताने विचारलं तेव्हा दोघंही एकदम नको म्हणाले.

भिंत दिवसेंदिवस भरत गेली. लोक ऑफिसला जाण्याआधी भिंत बघून जाऊ लागले. कोणी आपला पिवळा कमी केला, कोणी हिरवा मागितला, जिन्यात नमस्कार होऊ लागले, कारण नमस्कार केला नाही तर संध्याकाळी रंग बदललेला असायचा. कोणाचीही सूचना नाकारायची नाही अशी इशिताला शिकवण होती, म्हणून टँकरवाल्याचं कार्ड लागलं, टाकीच्या झाकणावर बसणाऱ्या कावळ्याचं लागलं आणि कोणीतरी गावदेवीचंही लावलं.

या सगळ्यात पंढरीनाथभाऊ फार खुशीत होते. ते आमचे चेअरमन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं कोणी त्या खुर्चीत बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पण त्या वर्षी यतीनभाई त्यांच्या विरोधात उभे राहणार अशी कुणकुण होती. इशिता एकदा बोलता बोलता म्हणाली की ज्या कार्डाला सगळ्यात जास्त धागे येतात त्यावर लोकांचा जीव असतो, पाण्याचं पुढारपण त्याच्याकडे द्यावं. भाऊंच्या मनात ते असं बसलं की त्यांनी विशेष सभा बोलावली. वेगळी पाण्याची समिती कशाला, ज्या कार्डाला सर्वाधिक धागे तेच सोसायटीचं अध्यक्ष, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. मसुदा सुभाषचा होता. सगळ्यांना चहा आणि सामोसे मिळाले, ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर भाऊ घरोघर फिरू लागले. कोणाच्या गुडघ्याची चौकशी, कोणाच्या मुलाला पेन. जाताना हळूच म्हणायचे, धाग्याचं लक्षात असू द्या. यतीनभाईही मागे नव्हते, त्यांनी बायकांना दुकानात सवलत सुरू केली.

गणतीच्या आदल्या दिवशी कृष्णाबाई आपल्या नेहमीच्या वाटेने आवारात आली. इशिताने तिला बसवलं, कार्ड लिहिलं आणि विचारलं की पाण्याच्या बाबतीत तुमचा कोणाकोणाशी संबंध येतो.

कृष्णाबाईने भिंतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझा कोनाशी न्हाय," ती म्हणाली. "माझा बावीशी हाय. बाव कुठं हाय यात?"

बाव म्हणजे विहीर. इशिता ओशाळली. कावळ्याचं कार्ड होतं आणि विहिरीचं नव्हतं. तिने लगेच कार्ड केलं, मधोमध लावलं, आणि कृष्णाबाईने हिरवा धागा बांधला. माझा दुसरा. मग जिन्यातून उतरणारा प्रत्येक जण थांबू लागला. आमच्याकडे तिचंच पाणी येतं, कुणी म्हणालं. नळ बंद पडला होता तेव्हा हिनेच तारलं, दुसरं म्हणालं. ज्यांनी विहीर पाहिली नव्हती ते खिडकीतून बघून आले आणि धागा बांधून गेले. माणसाला धागा बांधताना लोक हिशेब करतात, विहिरीला बांधताना कोणी केला नाही. अख्ख्या इमारतीत तिला लाल धागा एकच आला, यतीनभाईंचा, तोही त्यांनी प्रामाणिकपणे बांधला. पण ठरावात धाग्यांच्या रंगाबद्दल काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे तोही तिच्याच बाजूला मोजला गेला.

गणती झाली, विहिरीला सगळ्यात जास्त धागे निघाले. भाऊंनी टेबलावरची चेअरमनची पाटी उचलली, रुमालाने पुसली आणि खाली जाऊन विहिरीच्या कठड्यावर ठेवली. हार मानावी तर अशी.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, थट्टा आहे, दोन दिवसांत विरेल. पण ठराव रद्द करायला सभा हवी, आणि सभा चेअरमनच्या अध्यक्षतेखालीच व्हायला हवी. चेअरमन गैरहजर असेल तरच सभासद दुसऱ्या कोणाला बसवू शकतात. आमची सभा आवारात भरते आणि विहीर आवार सोडून कुठे जात नाही. पंढरीनाथभाऊ म्हणाले, इतक्या वर्षांत एवढी नियमित हजेरी त्यांनीही लावली नव्हती.

यतीनभाईंनी सभा गच्चीवर घेतली. तिथे सुभाषनी टाकीवर टकटक करून दाखवलं. टाकी भरलेली होती. चेअरमन पंपाने वर आलेले आहेत, अशी नोंद झाली आणि त्यांच्यासमोर स्लॅबचा विषय काढायला कोणाला तोंड होईना.

तेव्हा यतीनभाईंनी शेवटचा उपाय केला. केबिन रोडवर त्यांच्या ओळखीच्या माणसाचा हॉल होता. सभा तिथे ठेवली. विहीर काही तिथे येणार नाही, ती गैरहजर धरली जाईल, मग यतीनभाई अध्यक्षस्थानी बसतील, स्लॅब मंजूर होईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामाला लागतील. हेमालीला मुलगा झाला होता. त्या दुसऱ्या दिवशीच बाळाला सव्वा महिना पूर्ण होत होता.

मी कृष्णाबाईला निरोप पाठवला. ती म्हणाली, चला, साहेबांना घेऊन जाऊ.

एप्रिलची दुपार होती. माझ्याकडची पितळेची कळशी चिंचेने घासून काढली, रहाटाने पाणी काढलं, दुहेरी फडक्यातून गाळलं. पाणी मी एकदा उकळून थंड केलं होतं, पण उकळलेला चेअरमन चालेल का याची शंका आल्यावर ते झाडांना घातलं आणि ताजं भरलं. कृष्णाबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर कळशी. सत्तरी ओलांडलेली बाई, केबिन रोडच्या गर्दीतून, फेरीवाल्यांमधून, हात सोडून अशी चालली की रिक्षावाले थांबले. मी मागे पेला घेऊन. पूर्वी आम्ही अशाच पुढेमागे चालायचो, फक्त तेव्हा दोन्ही बाजूंना गवत होतं.

हॉलमध्ये तिने कळशी थेट अध्यक्षांच्या खुर्चीवर ठेवली.

यतीनभाई उठले. ही विहीर नाही, हा विहिरीचा प्रतिनिधी आहे, आणि सोसायटीच्या सभेला प्रतिनिधी चालत नाही, स्वतः यावं लागतं, असं त्यांनी मांडलं. मुद्दा बिनतोड होता. सगळे सुभाषकडे बघू लागले. सुभाषनी चष्मा पुसला. ते म्हणाले की गंगेवरून तांब्यात पाणी आणलं तर आपण त्याला गंगेचा प्रतिनिधी म्हणत नाही, गंगाच म्हणतो.

"मग काय माझ्या फ्लशमधे पण चेअरमन हाय?" यतीनभाई तापले.

"तेव्हा ते रजेवर असतात," सुभाष शांतपणे म्हणाले.

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी लक्षात आलं की पुरेसे सभासदच आलेले नाहीत. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासाने जे असतील त्यांच्यावर सभा चालवायची, हे आमच्याकडे दर वर्षीचं आहे, लोक त्या अर्ध्या तासातच गप्पा मारून घेतात. पण त्या दिवशी हॉलचे पंखे गरम वारा फेकत होते. भागातलं पाणी बंद होतं, हॉलचे नळ कोरडे. यतीनभाईंनी थंड पाण्याचे जार सांगितले होते, पण जारवाल्याचा फोन आला की त्याच्याकडेच पाणी आलेलं नाही.

सगळ्यात जास्त बोलले होते यतीनभाई. त्यांचा घसा सुकला होता. ते इकडेतिकडे बघत होते, मग कळशीकडे बघितलं, मग दुसरीकडे. मी पेला भरून त्यांच्या पुढे धरला. त्यांनी घेतला, एका दमात प्यायले आणि पेला तसाच हातात धरून उभे राहिले. मग स्वतःच कळशीपाशी जाऊन दुसरा भरून घेतला. तिसरा हळूहळू प्यायले.

"काकी, ये पानी अपना है?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्या पाण्याने गाडी धुतली होती, तोंडाला कधी लावलं नव्हतं.

आपलंच, मी म्हटलं.

"आमच्या गावाला पण असाच गोड होता," ते म्हणाले. "बा, म्हणजे आई, रोज सकाळी जायची. आम्ही वाव बोलतो. मामाने बंद केली, वर गोडाऊन बांधला."

"वाव नि बाव," कृष्णाबाई म्हणाली. "तीच ती, शेट."

एव्हाना बाकीचेही पेला मागत होते. अर्धा तास संपला तेव्हा कळशी रिकामी होती. पंढरीनाथभाऊंनी ती उलटी करून पाहिली आणि गंभीरपणे जाहीर केलं की अध्यक्ष आता खुर्चीत नाहीत. यतीनभाईंचा डाव याच क्षणासाठी होता. खुर्ची रिकामी, सभा कायदेशीर, हात वर करायचा अवकाश.

पण संचिता उठली. अध्यक्ष गैरहजर कसे, तिने विचारलं, ते तर सगळ्या सभासदांमध्ये विभागून हजर आहेत. सुभाषनी मान डोलावली. जमलेल्यांमध्ये ज्याच्याकडे अध्यक्षांचा सर्वात मोठा वाटा आहे त्याने सभा चालवावी, असा त्यांनी निर्णय दिला. तीन पेले कोणी प्यायले होते ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

यतीनभाई जाऊन खुर्चीवर बसले. खुर्ची ओली होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. विषयपत्रिकेवर एकच विषय होता. त्यांनी तो वाचला, विहिरीवर स्लॅब टाकण्याबाबत. परत एकदा मनात वाचला. मग पोटावर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हे मी बसून कसं बोलू? आत्ता तर आतमधे साहेब हाय."

विषय सोडून देण्यात आला. चहा बाहेर टपरीवर झाला.

भिंतीवरचा लाल धागा काढू का, असं इशिताने त्यांना विचारलं. ते म्हणाले, पार्किंगचा प्रश्न अजून तसाच आहे, राहू दे. पण शेजारी एक हिरवा बांधून घेतला. असे दोन रंग आता बऱ्याच कार्डांमध्ये आहेत. इशिताच्या संस्थेने त्याचा फोटो मागवून घेतला म्हणे, त्यांच्या पुस्तकात तशी खूणच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाली बाळाला घेऊन आली. डोक्यावरून पदर, कपाळाला हळद. कृष्णाबाईच्या हातात ताट, आणि मी मागे, मला तिथे असायलाच हवं होतं. बघतो तर यतीनभाईंची गाडी नेमकी कठड्याला खेटून लावलेली. ते धावत खाली आले, बनियनवरच, किल्ली हातात. गाडी मागे घेतली, मागे म्हणजे पार गल्लीत, आणि खोबऱ्यासाठी परत येऊन कठड्याशी उभे राहिले, अगदी मधोमध. चेअरमनच्या पाटीवर त्यांची सावली पडली होती.

"यतीनशेट," कृष्णाबाई म्हणाली, "जरा बाजूला व्हा. पोराला साहेब दिसत न्हाय."

ते बाजूला झाले. हेमाली वाकली. मीही वाकले. खाली पाणी होतं, जुनंच, आणि त्यात आम्ही सगळे होतो.